रोगी न पाहणारा डॉक्टर

गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्यात ओळखीच्या एक बाई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. मुलगी एम.बी.बी.एस. झाली आणि एम.डी.ला प्रवेश मिळाला, म्हणून पेढे. पण बाईंच्या चेहऱ्यावर आनंद अर्धाच होता. मी विचारले तेव्हा हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पॅथॉलॉजी मिळालं हो. मेडिसिन नाही, बालरोग नाही. घरात सगळे म्हणतात, एवढं शिकून काचाच बघत बसणार. रोगी न पाहणारा डॉक्टर कसला?"

बाहेर बाकावर पंधरा-सोळा रोगी बसले होते. "ताई, चांगलं झालं, काळजी करू नका," एवढेच बोलून मी त्यांना निरोप दिला. पण प्रश्न मनातून गेला नाही. कारण रोगी न पाहणाऱ्या अशाच एका डॉक्टरने तंबाखूच्या धुराने फुप्फुसात नेमके काय होते ते जगाला दाखवून दिले, आणि त्याने घालून दिलेला धडा मी वेळेवर गिरवला नाही म्हणून माझा एक रोगी चार महिने उशिरा योग्य ठिकाणी पोहोचला. आजचा लेख हे त्या ताईंना दिलेले उत्तर समजावे.

पॅथॉलॉजिस्ट करतो काय?

आपल्यापैकी बहुतेकांची पॅथॉलॉजिस्टशी गाठ पडते ती रक्त-लघवीच्या रिपोर्टावरच्या सहीपुरती. त्यामुळे तो 'रक्त तपासणारा' एवढीच समजूत असते. पण त्याचे सर्वांत जबाबदारीचे काम म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा तपासून रोगाचे नाव सांगणे.

तुकडा काढला की तो फॉर्मालिन नावाच्या द्रावात ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही. मग त्यातले पाणी काढून त्यात मेण भरतात. मेणाच्या त्या वडीतून एका खास यंत्राने इतके पातळ काप काढतात की सुमारे दोनशे-तीनशे काप एकावर एक ठेवले तरी जाडी एक मिलिमीटरच भरावी. हा काप काचेवर घेऊन रंगवतात. पेशींची केंद्रके निळी-जांभळी दिसतात, बाकीचा भाग गुलाबी. मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो. रिपोर्टाला तीन-चार दिवस का लागतात, असे नातेवाईक चिडून विचारतात. त्याचे कारण हे सगळे सोपस्कार आहेत.

रोगी डोळ्यांसमोर नसतो, पण रोग समोर असतो. आम्ही सर्जन किंवा फिजिशियन मंडळी बाहेरून अंदाज बांधतो. तो अंदाज खरा की खोटा, याचा निवाडा बऱ्याच वेळा त्या काचेवर होतो.

क्षयाच्या इस्पितळातून सुरुवात

डॉ. ऑस्कर आउरबाख यांचा जन्म १९०५ सालचा, न्यूयॉर्कचा. वैद्यकीय शिक्षण झाल्यावर ते पॅथॉलॉजीकडे वळले आणि न्यूयॉर्कच्याच स्टेटन बेटावरील सी व्ह्यू या क्षयरोगाच्या मोठ्या इस्पितळात काम करू लागले. त्या काळी क्षयावर एकही हुकमी औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालचा आणि आयसोनियाझिड वापरात आले ते १९५२ साली. त्याआधी मोकळी हवा, सकस आहार आणि विश्रांती यांवर भिस्त होती. रोगी महिनोन् महिने राहत आणि त्यांतले पुष्कळ तेथेच दगावत. आउरबाख यांचे काम होते त्यांचे शवविच्छेदन करून क्षयाने आत काय केले ते पाहणे.

या कामात त्यांचे लक्ष विशेष करून गेले श्वासनलिकांकडे. मुख्य श्वासनलिका आणि तिच्या मोठ्या फांद्या क्षयाने कशा बिघडतात, यावर त्यांनी १९४९ साली एक मोठा निबंध लिहिला. त्या वेळी कुणाला वाटले असेल की मेलेल्यांच्या नळ्या पाहून काय साधणार? पण निरोगी नळीचे अस्तर कसे दिसते आणि बिघडलेले कसे दिसते, याची डोळ्याला बसलेली ती सवयच पुढे उपयोगी पडली. क्षयावर औषधे आली, इस्पितळे रिकामी होऊ लागली. आणि त्याच सुमारास फुप्फुसाचा एक दुसरा रोग झपाट्याने वाढत होता.

आकडे होते, पुरावा हवा होता

विसाव्या शतकाच्या आरंभी फुप्फुसाचा कॅन्सर हा दुर्मिळ रोग होता. पुढच्या पन्नास वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत तो पुरुषांच्या मृत्यूचे एक मोठे कारण बनला. १९५० साली दोन निबंध प्रसिद्ध झाले. अमेरिकेत वाइंडर आणि ग्रॅहॅम यांचा, इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांचा. दोघांनीही कॅन्सरच्या रोग्यांना आणि इतर रोग्यांना त्यांच्या सवयी विचारल्या होत्या. उत्तर एकच आले: फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रोग्यांत सिगारेट ओढणारे फारच जास्त होते.

यातले ग्रॅहॅम हे नामांकित सर्जन होते. कॅन्सरसाठी एक संपूर्ण फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढून रोगी वाचवण्याचा पराक्रम त्यांनी १९३३ साली केला होता. ते स्वतः सिगारेट ओढत. आपल्याच अभ्यासाने डोळे उघडल्यावर त्यांनी ती सोडली, पण उशीर झाला होता. १९५७ साली ते फुप्फुसाच्या कॅन्सरनेच गेले.

सिगारेट कंपन्यांचे म्हणणे मात्र असे की हे नुसते आकडे आहेत. कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो, म्हणून कोंबड्याने सूर्य उगवला असे होत नाही. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. धूर आत जातो आणि वीस-तीस वर्षांनी कॅन्सर होतो, तर मधल्या काळात आत काय घडते? ते कुणी पाहिले आहे काय? याचे उत्तर केवळ पॅथॉलॉजिस्टच देऊ शकत होता.

दोनशे तुकडे आणि नाव झाकलेली काच

आउरबाख आता न्यू जर्सी राज्यातल्या ईस्ट ऑरेंज येथील माजी सैनिकांच्या इस्पितळात होते. सैनिक म्हणजे सिगारेट ओढणारे पुष्कळ. तेथे मृत्यू पावलेल्यांची श्वासनलिका फांद्यांसकट, नातेवाइकांच्या संमतीने, अभ्यासासाठी घेतली जाई. एरवी शवविच्छेदनात संशयास्पद जागेचे दोन-चार तुकडे घेण्याची पद्धत होती. आउरबाख यांनी आरंभीच्या अभ्यासात एकेका माणसाच्या नळ्यांचे दोनशेच्या आसपास तुकडे केले. वरपासून खालपर्यंत, एकही भाग न सोडता. मृत माणूस सिगारेट किती ओढत असे, हे घरच्या माणसांना विचारून वेगळे नोंदवले जाई.

आता त्यांनी काय पाहिले ते समजून घेऊ. आपल्या श्वासनलिकेला आतून एक नाजूक अस्तर असते. वरच्या पेशींना अगदी बारीक केस असतात आणि ते सतत एका दिशेने, घशाकडे, हलत असतात. शेतातले उभे पीक वाऱ्याने लवते तसे. धूळ आणि जंतू चिकट स्रावात अडकतात आणि हे केस तो कचरा वर ढकलतात. हा शरीराने ठेवलेला झाडूवाला. धूर रोज आत जाऊ लागला की पहिल्याने हे केस मंदावतात, मग झडतात. खालच्या थरातल्या पेशी बचावासाठी भराभर वाढू लागतात आणि एकावर एक थर चढतात. त्यानंतर काही पेशींची केंद्रके मोठी, वेडीवाकडी, गडद दिसू लागतात. शेवटी एखाद्या जागी अस्तराची सगळी जाडी अशाच वेड्या पेशींनी भरते. खालचा पडदा फोडून त्या अजून आत शिरलेल्या नसतात, म्हणून रोग्याला काहीच जाणवत नाही. पण हाच कॅन्सरचा उंबरठा. पडदा फुटला की तो घरात शिरला.

सकाळी उठल्याबरोबर विडी ओढणाऱ्याला खोकल्याची उबळ का येते, ते यावरून कळेल. झाडूवाला मेला, कचरा तसाच पडून राहिला, आता तो खोकूनच काढावा लागतो. आणि पुष्कळजण त्याला 'विडीचा खोकला आहे, चालायचाच' म्हणून सोडून देतात!

पण आउरबाख यांच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाग वेगळाच आहे. काचा तपासताना ती कोणाची आहे, तो ओढणारा होता की नव्हता, हे तपासणाऱ्याला कळू नये अशी व्यवस्था त्यांनी केली. काचांवर फक्त क्रमांक, तेही मिसळून टाकलेले. का? कारण सिगारेट ओढणाऱ्याची काच आहे असे आधीच ठाऊक असेल तर डोळ्याला दोष नसतानाही दोष दिसतो. माणूस जे शोधायला निघतो तेच त्याला सापडते. आउरबाख यांनी स्वतःच्या डोळ्यावरही विश्वास ठेवला नाही.

१९५७ साली या कामाचा पहिला मोठा अहवाल आला. १९६१ साली ४०२ पुरुषांच्या नळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे संख्याशास्त्राचे जाणकार हॅमंड आणि गारफिंकल, तसेच स्टाउट हे ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्ट त्यांच्यासोबत होते. क्रमांक उलगडले तेव्हा चित्र एखाद्या जिन्यासारखे निघाले. ज्यांनी कधीच ओढली नाही त्यांच्यात तो उंबरठ्यावरचा बिघाड आढळला नाही. रोज थोड्या ओढणाऱ्यांत क्वचित, पाकीट ओढणाऱ्यांत जास्त, दोन पाकिटे ओढणाऱ्यांत त्याहून जास्त. आणि जे फुप्फुसाच्या कॅन्सरनेच गेले त्यांच्यात सर्वांत जास्त. मधल्या वीस-तीस वर्षांत काय घडते, त्याची एकेक पायरी काचेवर उतरली होती.

११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल डॉ. ल्यूथर टेरी यांनी धूम्रपान आणि आरोग्य यांवरचा आपला गाजलेला अहवाल जाहीर केला. सिगारेट हे पुरुषांतील फुप्फुसाच्या कॅन्सरचे कारण आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्या निष्कर्षामागे पाहणीचे आकडे होते तसेच हे काचेवरचे पुरावेही होते.

१९७० साली आउरबाख आणि हॅमंड यांनी ८६ कुत्र्यांवर केलेला प्रयोग जाहीर केला. धूर श्वासावाटे घेणाऱ्या कुत्र्यांच्या फुप्फुसांत गाठी झाल्या होत्या. या प्रयोगावर सिगारेट कंपन्यांनी आक्षेपांची झोड उठवली. मुक्या जनावरांवर केलेला असा प्रयोग वाचताना आज मनाला यातना होतात. मला तर वाटते, माणसांच्या नळ्यांवरचा आधीचा पुरावाच पुरेसा बोलका होता.

सोडणाऱ्यांच्या नळ्यांत काय दिसले?

आता खरी आनंदाची गोष्ट. १९६२ साली आउरबाख यांनी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. यात अशी माणसे होती की ज्यांनी मृत्यूच्या निदान पाच वर्षे आधी सिगारेट सोडली होती. त्यांची तुलना ओढत राहिलेल्यांशी आणि कधीच न ओढलेल्यांशी केली. सोडणाऱ्यांच्या नळ्यांत वेड्या पेशी ओढत राहिलेल्यांपेक्षा खूपच कमी होत्या. शिवाय तेथे आकसलेल्या, विरत चाललेल्या केंद्रकांच्या पेशी आढळल्या. म्हणजे बिघडलेल्या पेशी मरून जात होत्या आणि त्यांची जागा चांगल्या पेशी घेत होत्या.

हे जुने निरीक्षण आता नव्या शास्त्रानेही उचलून धरले आहे. २०२० साली ब्रिटनमधील संशोधकांनी श्वासनलिकेच्या एकेका पेशीतील जनुके तपासली. ओढणाऱ्यांच्या पेशींत हजारो बिघाड साचलेले होते. पण सोडलेल्यांच्या नळ्यांत काही जणांत चाळीस टक्क्यांपर्यंत पेशी जवळजवळ न ओढणाऱ्यासारख्या निघाल्या. अजून ओढणाऱ्यांच्या मानाने हे प्रमाण चौपट होते. त्या पेशी कुठेतरी खाली धुरापासून बचावून राहिल्या असाव्यात आणि धूर थांबताच त्यांनी जागा भरून काढली असावी, असा संशोधकांचा कयास आहे.

"आता पन्नाशी उलटली, चाळीस वर्षं ओढली, आता सोडून काय फायदा?" असे मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतो. फायदा हा असा डोळ्यांनी पाहिलेला आहे. सोडल्यानंतर दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या सुमारे निम्म्यावर येतो. तो शून्यावर येत नाही, हेही खरे. म्हणून जितक्या लवकर तितके बरे.

माझी चूक

आता मी कबूल केलेली गोष्ट सांगतो.

२००८ सालची गोष्ट. सूतगिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, वय अठ्ठावन्न. सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही तात्याच म्हणे. रोज दोन बंडले विडी. खोकला, बारीक ताप, वजन उतरलेले. छातीचा फोटो काढला तर उजव्या बाजूला वर डाग. आमच्या भागात असा फोटो पाहिला की डॉक्टरच्या तोंडी एकच शब्द येतो, क्षय. थुंकी तपासली. जंतू निघाले नाहीत. पुन्हा तपासली. पुन्हा नाहीत. मी स्वतःची समजूत घातली की थुंकीत जंतू न सापडणारा क्षय असतोच, आणि औषधे सुरू केली.

पहिल्या महिन्यात तात्यांना थोडे बरे वाटले. भूक लागली, वजन किलोभर वाढले. त्यांनी मला हात जोडले आणि मी खूश झालो. दुसऱ्या महिन्यात खोकला तसाच. तिसऱ्या महिन्यात फोटो पुन्हा काढला, डाग किंचित मोठा वाटला. तरी मी म्हणालो, "कोर्स पुरा करू." चौथ्या महिन्यात त्यांचा आवाज बसला आणि थुंकीतून रक्त आले. तेव्हा कुठे त्यांना जिल्ह्याच्या गावी धाडले. तेथे दुर्बिणीतून तुकडा काढला. तीन दिवसांनी पॅथॉलॉजिस्टचा फोन आला. त्यांनी तात्यांना कधी पाहिलेही नव्हते. पण चार महिने रोज पाहणाऱ्या मला जे कळले नाही ते त्यांना काचेवर कळले होते. क्षय नव्हताच. श्वासनलिकेच्या अस्तराचा कॅन्सर होता आणि तो पुढे गेला होता.

तात्या आठ महिन्यांनी गेले. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा दवाखान्यात आला. भांडायला नव्हे. त्याने एवढेच विचारले, "डॉक्टर, पहिल्याच महिन्यात तुकडा काढला असता तर?" कदाचित शस्त्रक्रिया झाली असती, कदाचित तेव्हाही उशीरच झालेला असता. हे मी त्याला सांगितले. पण चार महिने वाया गेले ते माझ्यामुळे, हेही सांगितले. तो काही बोलला नाही. उठला आणि गेला.

माझ्याकडे ज्ञान नव्हते असे नाही. फुप्फुसाचा कॅन्सर मी कॉलेजात शिकलो होतो. पण मी क्षय शोधायला निघालो होतो, म्हणून मला क्षयच दिसला. काचेवरचे नाव झाकून पाहण्याची आउरबाख यांची शिस्त माझ्याजवळ नव्हती. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी आहे: 'फोटोत डाग, थुंकीत जंतू नाहीत, तर निदान झालेले नाही.' रोज ती वाचतो.

आपल्याकडची वाट

आपल्याकडे पॅथॉलॉजीतून कॅन्सर संशोधनाकडे जाणारी वाट एका मोठ्या माणसाने पाडली. डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म १८९५ चा. लंडन विद्यापीठात पॅथॉलॉजीचे उच्च शिक्षण घेऊन ते परतले, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवले आणि १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी घेतली. १९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कॅन्सरच्या लागोपाठ एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. १९५२ साली भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र त्यांच्याच नेतृत्वाखाली उभे राहिले. तीच संस्था पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाली आणि आज नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राचा भाग म्हणून काम करते. त्याच संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ साली मुंबईतील फुप्फुसाच्या कॅन्सरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विडी ओढणाऱ्यांचाही विचार होता. सिगारेट वाईट, विडी मात्र पानाची म्हणून सौम्य, ही समजूत अगदी चुकीची आहे. विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोराने घ्यावे लागतात.

आज ही वाट अशी आहे: एम.बी.बी.एस., मग तीन वर्षांचे एम.डी. पॅथॉलॉजी, मग कॅन्सरच्या मोठ्या संस्थेत त्या विषयाचे आणखी शिक्षण. काम नुसते नाव सांगण्याचे राहिलेले नाही. कॅन्सर आहे एवढ्याने आता भागत नाही. कोणत्या जातीचा, त्याच्या पेशींत कोणते जनुक बिघडले आहे, हे त्याच तुकड्यावरून ठरते, आणि फुप्फुसाच्या काही कॅन्सरना त्यावरून नेमक्या गोळ्या देता येतात. नखाएवढ्या तुकड्यातून इतके काढायचे म्हणजे तो तुकडा वाया जाऊ न देण्याचे कसबही हवे.

आउरबाख मात्र अखेरपर्यंत सूक्ष्मदर्शकाजवळच राहिले. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या जातींचे प्रमाण कसे बदलत चालले आहे, यावरचा त्यांचा निबंध १९९१ साली आला, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. १९९७ च्या जानेवारीत, ९२ व्या वर्षी ते वारले.

वाचकांनी काय ध्यानात ठेवावे?

१. तीन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीतून रक्त, आवाज बसणे, छातीत दुखणे, नवा दम लागणे, कारण नसताना वजन उतरणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरला दाखवा. नेहमीच्या 'विडीच्या खोकल्या'त फरक पडला तर तेही लक्षण समजावे.

२. आधी क्षयाची थुंकी तपासणी करावीच. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. क्षय सिद्ध झाला तर औषधे पूर्ण घ्यावीत. तो बरा होणारा रोग आहे.

३. थुंकीत जंतू नाहीत आणि तरीही क्षयाची औषधे चालू आहेत, दीड-दोन महिन्यांत फोटोत सुधारणा नाही, तर डॉक्टरला स्वच्छ विचारा, "दुसरं काही असू शकेल का? तुकडा काढावा लागेल का?" असे विचारल्याने आम्हा डॉक्टरांचा अपमान होत नाही. मला तात्यांनी विचारायला हवे होते असे आज वाटते.

४. 'सुई लागली, सुरी लागली की कॅन्सर पसरतो' या भीतीने तुकडा काढायचे टाळू नका. तुकडा काढल्याने होणारा धोका अगदी थोडा, न काढल्याने होणारा उशीर मात्र जिवावर बेततो. रिपोर्ट आणि काचा जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायचे झाल्यास त्याच काचा लागतात.

५. विडी-सिगारेट कधीही न ओढलेल्यांना, बायामाणसांनाही हा रोग होतो. चुलीचा धूर, दुसऱ्याच्या विडीचा धूर, काही कारखान्यांतली धूळ हीही कारणे आहेत. 'आमच्यात कुणी ओढत नाही' म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष नको.

६. पुष्कळ वर्षे भरपूर ओढलेल्यांसाठी कमी किरणांचा सी.टी. स्कॅन काढून रोग लवकर शोधता येतो. अमेरिकेतील २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे जुन्या क्षयाचे डाग पुष्कळांत असल्याने घोटाळा होऊ शकतो. म्हणून तो आपल्या मनाने न काढता छातीच्या तज्ज्ञाला विचारूनच काढावा.

७. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांक १८००-११-२३५६ आहे. एकदा सोडून पुन्हा लागली तर खचू नका. माझे काही रोगी चौथ्या-पाचव्या प्रयत्नात सुटले आहेत.

आता त्या ताईंना एवढेच सांगायचे आहे. तुमची मुलगी रोगी पाहणार नाही, हे खरे. रोगी तिला पेढे आणून देणार नाहीत, रस्त्यात नमस्कार करणार नाहीत, तिचे नावही त्यांना ठाऊक नसेल. पण कुठल्या तरी तालुक्याच्या गावी माझ्यासारखा एखादा डॉक्टर चुकीच्या वाटेने चाललेला असेल, आणि संध्याकाळी तिचा फोन येईल. त्या फोनवर एका माणसाचे पुढचे सगळे अवलंबून असेल.

तिला माझ्यातर्फे एक निरोप द्या. काच पाहताना रोग्याचे नाव, डॉक्टरचे नाव आणि चिठ्ठीवर लिहिलेला डॉक्टरचा अंदाज आधी बाजूला ठेव. काच काय सांगते ते पाहा. मग चिठ्ठी वाच. आणि दोन्ही जुळत नसतील तर फोन करायला संकोच करू नकोस, डॉक्टर कितीही जुना असला तरी.